टर्बो बदलला तरी धूर येतोच? आधी ऑइलचा रिटर्न पाइप बघा

डिझेल गाडीवाल्यांचं नेहमीचं रडगाणं असं: निळा धूर सुरू झाला, पिकअप मेला, गॅरेजवाल्याने टर्बो (एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जादा हवा रेटणारा पंखा) गेल्याचं सांगितलं. टर्बो बदलला, घसघशीत बिल भरलं, काही महिने बरे गेले आणि पुन्हा तोच धूर, तीच शिट्टी, इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात तसंच ऑइल. मग सगळा राग टर्बोवर निघतो. पार्ट डुप्लिकेट होता, रिकंडिशनवाल्याने जुनाच पुसून दिला, वगैरे. असंही होतं, नाही असं नाही. पण पहिला टर्बो ज्या कारणाने गेला ते कारण गाडीत जागच्या जागी असेल, तर दुसरा सीलबंद खोक्यातला आणला तरी तोही जाणार.

ते कारण शोधायला सुरुवात टर्बोच्या खालून करावी, म्हणजे टर्बोतलं ऑइल खाली इंजिनात परत नेणाऱ्या रिटर्न पाइपापासून. बहुतेक जण वरून सुरू करतात. टर्बोला ऑइल आणणारा फीड पाइप सैल करतात, स्टार्टर मारून बघतात, "ऑइल येतंय की" म्हणतात आणि तिथेच थांबतात. ऑइल टर्बोपर्यंत पोचतंय, एवढंच त्यातून कळतं. ते पुरेसं पोचतंय का आणि तिथून सुटतंय का, हे दोन्ही प्रश्न तसेच राहतात.

खालचं बरंचसं कंपनीतून टर्बो लागून आलेल्या डिझेल गाड्यांबद्दल आहे. ज्यांनी साध्या इंजिनला बाहेरून टर्बो बसवलाय त्यांच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय, कारण त्यांच्या चुका वेगळ्या असतात.

आत नेमकं काय चालतं

टर्बोत एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन पंखे असतात: एक्झॉस्टने फिरणारा गरम पंखा आणि हवा रेटणारा थंड पंखा. छोट्या कारच्या टर्बोचा हा शाफ्ट पूर्ण जोरात असताना मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. बहुतेक टर्बोंमध्ये त्याला आधार असतो तो पितळी बुशांचा, आणि हे बुशही ऑइलवर तरंगत स्वतः फिरतात. शाफ्ट आणि बुश यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश इतकी. त्या फटीत ऑइलचा थर टिकून आहे तोवर धातूला धातू लागत नाही.

हे ऑइल इंजिनच्या मुख्य गॅलरीतून (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेतून), फिल्टर होऊन, बारीक फीड पाइपाने दाबाखाली वरून शिरतं. बुशमधून बाहेर पडलं की दाब संपला. आता ते घुसळलेलं, तापलेलं, फेसाळ ऑइल असतं आणि त्याला चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीपर्यंत, न्यायला कुठलाही पंप नाही. आपल्या वजनाने जेवढं उतरेल तेवढंच. म्हणून तर फीड पाइप करंगळीहून बारीक आणि रिटर्न पाइप अंगठ्याएवढा जाड ठेवलेला असतो.

दुसरी गोष्ट सीलची. "टर्बोचं सील फुटलं" हे वाक्य गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं. पण क्रँकला असतं तसं रबरी ओठाचं सील टर्बोच्या शाफ्टवर नसतंच, तिथलं तापमान रबराला झेपणारं नाही. दोन्ही टोकांना पिस्टन रिंगच्या जातीच्या बारीक लोखंडी रिंगा असतात. ऑइल अडवायचं निम्मं काम पंख्यांमागचा हवेचा आणि गॅसचा दाब करतो: तो बाहेरून आत रेटतो, आतलं ऑइल मोकळेपणाने खाली उतरतं, आणि रिंगांपर्यंत ऑइल चढतच नाही. रिटर्न अडला की हाऊसिंगमध्ये ऑइल साचतं, रिंगांच्या वर जातं आणि मिळेल त्या वाटेने निघतं. थंड पंख्याच्या बाजूने गेलं तर इंटरकूलरमध्ये, गरम पंख्याच्या बाजूने गेलं तर सायलेन्सरमध्ये. मोरी तुंबली की पाणी बाथरूमभर होतं, त्यात नळाचा काय दोष?

म्हणूनच नवाकोरा, शून्य प्ले (शाफ्टची ढिलाई) असलेला टर्बोही बसवल्या दिवसापासून ऑइल फेकू शकतो. तसा फेकत असेल तर तो बदलून दुसरा आणण्यात अर्थ नाही.

हे आधी वाचा, मग पुढे जा

टर्बो भसाभस ऑइल फेकत असेल तर गाडी चालवून "बघू किती येतंय" हा प्रयोग करू नका. डिझेल इंजिनला ते ऑइल इंधन म्हणून चालतं. एकदा ते इनटेकमधून जळायला लागलं की इंजिन आपोआप रेस घेतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून धरा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन गचकन बंद पाडा. ते जमलं नाही तर इनटेकची हवा सपाट फळीने किंवा पत्र्याने बंद करायची. हाताने नाही, फडक्यानेही नाही. फडकं आत ओढलं जातं आणि हाताची काय गत होईल ते सांगायला नको. दोन्ही शक्य नसेल तर लांब उभं राहायचं. इंजिन परत मिळतं.

टर्बोला हात लावण्याआधी

पहिली डिपस्टिक. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे असेल तर रिटर्नचं तोंड ऑइलमध्ये बुडण्याची शक्यता असते, आणि फेसाळ ऑइलला उतरायला जागा राहत नाही. "थोडं जास्तच टाकलंय, चांगलंच आहे ना" ही समजूत मोडायला हवी. बीएस ६ डिझेलमध्ये यात एक नवी भर पडली आहे. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. गाडी फक्त शहरात, दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारत असेल तर ही साफसफाई अर्ध्यात तुटत राहते आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. मग ऑइल न टाकताही पातळी वाढते. डिपस्टिकचा वास घ्या, ऑइल बोटांत चोळून बघा. डिझेलचा वास आणि पाण्यासारखं पातळ ऑइल, म्हणजे टर्बोच्या बुशांना दुहेरी मार: थर पातळ झाला आणि रिटर्नही अडला.

दुसरा एअर क्लिनर. धुळीच्या रस्त्याची गाडी असेल तर तो काढून उजेडात धरा. गच्च भरलेला फिल्टर किंवा मऊ पडून आत चेपणारा होज असेल तर थंड पंख्याच्या तोंडाशी ओढ तयार होते आणि ती ओढ रिंगांमागून ऑइल खेचते. फिल्टरच्या किमतीत टर्बो वाचतो. एवढं बोलून पुढे जातो.

तिसरा ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला गॅस बाहेर सोडणारी वाट, आणि इथे थांबायला हवं, कारण निम्म्या केसेसमध्ये इथेच गोम असते असं माझं मत आहे. रिटर्न पाइप चेंबरच्या हवेत उघडतो. पिस्टनवरून गळणारा गॅस ब्रीदरमधून नीट बाहेर जात नसेल तर चेंबरमध्ये दाब बसतो, आणि हा दाब त्याच रिटर्न पाइपातून वर टर्बोकडे ढकलतो. म्हणजे पाइप कितीही स्वच्छ असला तरी ऑइलला समोरून वारा लागतोय. ऑइल टाकायचं झाकण आयडलला उघडून बघणं ही ढोबळ तपासणी आहे. थोडे फुसके येणं ठीक, झाकण उडायला लागलं तर ठीक नाही. पण यावरून भांडणं होतात. एकाला जे थोडं वाटतं ते दुसऱ्याला खूप वाटतं.

त्यापेक्षा गवंड्याची लेव्हल ट्यूब घ्या. तीच, पारदर्शक, ज्यात पाणी भरून भिंतीची पातळी काढतात. एक टोक डिपस्टिकच्या नळीत घट्ट बसवायचं, मध्ये यू आकार करून अर्धा पाण्याने भरायचा, दुसरं टोक हवेत मोकळं. यूच्या दोन्ही बाजूंना पट्टी चिकटवली की झालं. इंजिन गरम करून आयडलला आणि मग हळूहळू रेस देऊन बघा. पाणी बोटभर हललं तर काळजी नाही. वीतभर चढलं तर टर्बो बाजूला ठेवा, आधी ब्रीदरचा पाइप, त्यातला ऑइल वेगळं करणारा डबा आणि त्याचा व्हॉल्व्ह साफ करा किंवा बदला. ते करूनही पाणी खाली येत नसेल तर रिंग-पिस्टनची कॉम्प्रेशन टेस्ट करावी लागणार. इंजिनच गॅस गळत असेल तर त्याच्यावर टर्बो बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकट थर दिसतोय का तेही बघा. तिथलं कॉपर वॉशर गळत असलं की जळका गॅस वरच्या कव्हरखाली शिरतो, दाब वाढवतो आणि ऑइलची काजळी करतो.

रिटर्न पाइप: बाहेरून काहीच कळत नाही

पाइप काढल्याशिवाय त्याच्याबद्दल मत द्यायचं नाही. काढल्यावरही नुसतं डोळा लावून बघणं पुरेसं नाही.

टुरिस्ट परमिटच्या एका सात सीटरचं उदाहरण देतो. आमच्याकडे आली तेव्हा वेगवेगळ्या गॅरेजमध्ये दोन टर्बो खाऊन आली होती, तिसरा नुकताच बसलेला आणि धूर पुन्हा सुरू. मालकाकडे बिलांची फाइल होती, त्यात टर्बो, ऑइल, फिल्टर सगळं होतं. रिटर्न पाइप कुठल्याच बिलात नव्हता. पाइप काढला. दोन टोकांना लोखंडी नळ्या, मध्ये वीतभर रबरी होज. बाहेरून तडा नाही, फुगवटा नाही. हवा मारली तर आरपार गेली. गाडीत असतो तसाच वाकवून धरला आणि गरम केलेलं ऑइल वरून ओतलं, तर ऑइल तोंडाशी उभं राहिलं आणि मग रडत रडत उतरलं. होज ब्लेडने उभा कापल्यावर दिसलं की आतला थर एका बाजूने सुटून भोकावर आडवा आलाय. पाइप सरळ धरला की तो थर बाजूला सरायचा, वाकवला की पुन्हा आडवा. म्हणून हवेच्या टेस्टमध्ये तो दर वेळी पास होत होता. नवा पाइप आणि दोन पॅकिंग घातली, तोच तिसरा टर्बो परत बसवला, आणि मालकाला इंटरकूलर धुऊन दिला. धूर गेला.

तर पद्धत अशी: पाइप गाडीतल्या कोनातच धरायचा, गरम ऑइल ओतायचं, आणि ते न थांबता गेलं पाहिजे. वाट पाहावी लागली तर पाइप बाद. कापून बघा, गिऱ्हाईकालाही दाखवा. एरवी त्याला नव्या पाइपाचे पैसे जड वाटतात.

पॅकिंगकडे तितकंच लक्ष द्या. टर्बोच्या किटमध्ये येणारं रिटर्नचं पॅकिंग कधी कधी दोन-तीन मॉडेलना चालेल असं केलेलं असतं आणि त्याचं भोक फ्लँजच्या (पाइपाच्या टोकाच्या बोल्ट लागणाऱ्या सपाट पट्टीच्या) भोकाहून लहान असतं किंवा उलटं बसवलं की सरकतं. बोल्ट बरोबर बसतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. बसवण्याआधी पॅकिंग फ्लँजवर ठेवून भोकाला भोक पूर्ण उघडं राहतंय ना ते बघायचं. आणि कृपा करून तिथे पॅकिंग पेस्ट लावू नका. बाहेर जेवढी ओघळलेली दिसते तेवढीच आतही ओघळलेली असते. ती तुटून फीडमध्ये गेली तर बुश संपले, रिटर्नमध्ये राहिली तर वाट अडली. कोरडं नवं पॅकिंग, स्वच्छ फ्लँज, बस्स.

फीड पाइप: साफ करू नका, बदला

फीडचं दुखणं वेगळ्या चेहऱ्याने येतं. इथे आधी धूर नसतो, आधी आवाज असतो. बारीक किंकाळीसारखी शिट्टी, मग प्ले, मग पंखा हाऊसिंगला घासतो. काढलेल्या टर्बोचा शाफ्ट निळा-जांभळा पडलेला असेल, बुश शाफ्टला चिकटलेले असतील, तर तो ऑइलशिवाय मेलाय असं समजा. शाफ्टवर ओरखडे असतील तर ऑइल होतं पण घाणेरडं होतं. उघडलेला जुना टर्बो टाकून देऊ नका, सगळा पुरावा त्याच्यात असतो.

ऑइल कमी का पोचतं? पाइपाचा टर्बोजवळचा शेवटचा भाग एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारून जातो. बोरघाट एका दमात चढून लोणावळ्यात वडापावसाठी थांबलात आणि तशीच चावी काढलीत, की पंप बंद, पाइपात उरलेलं ऑइल जागेवर उभं, आणि शेजारचं लोखंड लालबुंद व्हायचं बाकी. ते ऑइल तिथेच भाजून काजळीचा कडक थर होतो. एकदाच केल्याने काही होत नाही, वर्षानुवर्षं केल्याने भोक सुईएवढं उरतं. घाट चढल्यावर किंवा हायवेवरून उतरल्यावर मिनिटभर आयडलला ठेवणं पुरतं. गावातून हळू चालवत आणली असेल तर तेवढंही लागत नाही. दहा-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बसणारे लोक पाहिलेत, त्याने फक्त डिझेल जळतं.

तार घालून किंवा केमिकलने फीड पाइप साफ करायचा मोह टाळा. वळणावरची काजळी निघत नाही, अर्धवट सुटते, आणि सुटलेला तुकडा पुढच्या थांब्याला म्हणजे नव्या टर्बोच्या बुशात उतरतो. नवा पाइप आणा. बँजो बोल्टही (ज्याच्यातून ऑइल जातं तो पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) नवा, त्याच्या दोन्ही बाजूंची कॉपर वॉशर नवी. काही इंजिनांत या बँजो बोल्टच्या पोटात डाळीच्या दाण्याएवढी बारीक जाळी असते. ती असते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. प्युजो-सित्रोएन आणि फोर्डच्या गाड्यांतून युरोपात खपलेलं १.६ लिटरचं डिझेल इंजिन या दुखण्यासाठी तिकडच्या गॅरेजांत चांगलंच प्रसिद्ध आहे: इंजेक्टरचं वॉशर गळायचं, ऑइलची काजळी व्हायची, जाळी बुजायची आणि टर्बोमागून टर्बो जायचे.

त्या इंजिनासाठी जी तपासणी ठरली ती कुठल्याही गाडीला शिकवण्यासारखी आहे. रिटर्न पाइप ब्लॉककडच्या टोकाला सोडवायचा, ब्लॉकचं भोक बंद करायचं, आणि टर्बोतून येणारं ऑइल जाड नळीने मापाच्या बाटलीत घ्यायचं. इंजिन आयडलला साठ सेकंद चालवायचं. त्या १.६ साठी किमान ०.३ लिटर ऑइल जमलं पाहिजे. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, पण मिनिटभरात बाटलीचा नुसता तळ ओला होत असेल तर मॅन्युअल उघडायचीही गरज नाही. ही टेस्ट फीड आणि ऑइल पंप दोघांचा निकाल एकदम लावते. बाटलीतलं ऑइल परत ओतायला विसरू नका.

फीड पाइप नवा असूनही ऑइल कमी येत असेल तर चेंबर उतरवावा लागेल. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी काळ्या चिखलाने बुजलेली सापडते. ऑइल लांबवत राहण्याचा हा परिणाम. १.३ लिटरच्या मल्टीजेटसारख्या इंजिनात, जे स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत सगळीकडे होतं आणि २०२० मध्ये बीएस ६ आल्यावर बंद झालं, ऑइलच मुळात तीन लिटरच्या आसपास असतं. तेवढ्याच ऑइलवर सगळा भार, म्हणून तिथे ऑइल बदलण्यात उशीर महागात पडतो. चेंबर न उतरवता वरून फ्लशिंग ऑइल टाकून चिखल ढवळणं मला मान्य नाही. तो चिखल सुटून नेमका जाळीवर जाऊन बसतो.

बसवताना आणि पहिला स्टार्ट

नवा टर्बो कोरडा असतो. फीडच्या भोकातून स्वच्छ ऑइल भरा, पंखा हाताने फिरवा, पुन्हा भरा. ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे. मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून इंजिन चालू न होऊ देता थोडं थोडं स्टार्टर मारा, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. कॉमन रेलच्या इंजेक्टर पाइपाचे नट मात्र अजिबात सैल करायचे नाहीत. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि डिझेलची धार कातडीतून आत शिरते. स्टार्ट झाल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं आयडल, रेस नाही. "आवाज कसा येतो बघू" म्हणून पहिल्याच मिनिटाला अ‍ॅक्सिलरेटर दाबणारे हौशी गॅरेजमध्ये कमी नाहीत.

आता एक फसवी गोष्ट. सगळं नीट झालं तरी गाडी धूर काढते, आणि मालक दुसऱ्या दिवशी दारात. जुन्या टर्बोने फेकलेलं ऑइल इंटरकूलरच्या पोटात आणि सायलेन्सरच्या भरावात बसलेलं असतं. इंटरकूलर उतरवून डिझेलने किंवा डिग्रीजरने धुवा, पूर्ण वाळवा. जुना पंखा तुटला असेल तर त्याचे कणही तिथेच सापडतात. सायलेन्सरमधलं ऑइल जळायला हायवेवर चांगली तास-अर्धा तास गाडी चालावी लागते. त्यानंतर धूर हळूहळू कमी होत गेला पाहिजे. तेवढाच राहिला किंवा आयडलला थांबून मग पाय दिल्यावर निळा लोट उठला, तर रिटर्न आणि ब्रीदरकडे परत. उलट, इनटेकच्या पाइपात बोट फिरवल्यावर ऑइलचा नुसता ओशटपणा लागला तर घाबरू नका. ब्रीदरची वाफ इनटेकमध्येच सोडलेली असते, एवढं ओशट असणारच.

काहींना प्लेची धास्ती असते. ऑइल निथळलेल्या टर्बोचा शाफ्ट वर-खाली किंचित हलतो, ते त्याच्या बांधणीतच आहे. पंखा हाऊसिंगला लागता कामा नये. पुढे-मागे मात्र हाताला जाणवेल इतकं हलत असेल तर थ्रस्ट बेअरिंग गेलंय.

बाहेरून टर्बो बसवणाऱ्यांसाठी

इथे पाइप तुम्हीच ठरवता, म्हणून कोनाकडे लक्ष हवं. टर्बोचं रिटर्नचं तोंड सरळ खाली हवं. उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेलं चालत नाही. पाइप सलग उतरता हवा. मध्ये कुठे झोळ पडला, म्हणजे पाइप खाली जाऊन पुन्हा वर आला, की तिथे ऑइल साचून बसणार. जाडी किमान एएन १०. एएन हे होज-फिटिंगचं माप, आणि हा आकडा इंचाच्या सोळाव्या भागाचा असतो, म्हणजे १० म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटर आणि फीडला लागणारा ४ म्हणजे सव्वासहा. टर्बोच्या तोंडापेक्षा पाइपाचं भोक कुठेही लहान नको, एल्बोमध्येसुद्धा. एल्बो स्वस्त मिळतात आणि आत निम्मे बुजलेले असतात, घेताना आरपार बघा.

चेंबरला नवा बंग (पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) वेल्ड करायचा तर तो ऑइलच्या पातळीच्या वर, आणि क्रँक जिकडे ऑइल फेकतो त्या बाजूला नाही. चेंबर खोलूनच वेल्ड करा. तो गाडीला तसाच ठेवून वेल्ड करणारे आहेत, आणि वेल्डचे मणी मग पंपाच्या जाळीत सापडतात.

फीडमधलं ऑइल कमी करणारा बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर लावायचा की नाही? साध्या बुशच्या टर्बोला सहसा नको, त्याला भरपूर ऑइल लागतं. बॉल बेअरिंगच्या टर्बोला मात्र हवा, साधारण १ मिलिमीटर भोकाचा, पण कित्येक बॉल बेअरिंग टर्बोंत तो आतच बसवलेला येतो. वर दुसरा लावला तर टर्बो उपाशी मरतो. जास्तीत जास्त आरपीएमला टर्बोच्या तोंडाशी ४० ते ४५ पीएसआय दाब मिळाला की बॉल बेअरिंगचं काम भागतं. बुशचा टर्बो ऑइल फेकतोय म्हणून फीडला बारीक भोक लावून धूर थांबवणं हा उपाय फार चालतो. धूर थांबतो खरा. रिटर्नचा दोष तसाच राहतो आणि बुश कोरडे पडायला लागतात.

एमआयडीसीतल्या हायड्रॉलिकवाल्याकडून जेसीबीचा होज क्रिंप करून आणायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. दाबाच्या दृष्टीने तो होज हवा त्यापेक्षा कितीतरी मजबूत असतो, पण नेहमीचा तारेचा रबरी हायड्रॉलिक होज १०० अंशांपर्यंतच्या तेलासाठी बनवलेला असतो. टर्बोशेजारी तो काही महिन्यांत कडक होऊन तडकतो. त्याच दुकानात स्टीलच्या जाळीचा टेफ्लॉन होज मिळतो, तो २०० अंशांपर्यंत टिकतो. तो मागा, आणि मॅनिफोल्डजवळून जाताना वर उष्णतेची बाही चढवा.

आटे तपासा. परदेशातून आलेल्या टर्बोला आणि किटमधल्या फिटिंगला बहुधा एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असतात. आपल्या बाजारात, प्लंबिंगपासून हायड्रॉलिकपर्यंत, बीएसपी (ब्रिटिश मापाचे). पाव आणि अर्धा पाव इंचात दोन्ही दिसायला हुबेहूब. अर्धा पाव इंचाला एनपीटीचे इंचाला २७ आटे, बीएसपीचे २८. दोन-तीन फेऱ्या गोड बसतात, मग अडतात, आणि पान्ह्याला पाइप लावून जोर केला की ब्लॉकचा आटा जातो. पिच गेज लावून बघायला मिनिट लागत नाही. गळतंय म्हणून पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे धागे सुटून फीडच्या भोकात अडकतात. ऑइल चालणारा पातळ थ्रेड सीलंट पहिला आटा सोडून लावा.

टर्बो चेंबरच्या पातळीच्या खाली बसवावा लागत असेल, सायलेन्सरच्या जागी वगैरे, तर वजनाने ऑइल परत येणं अशक्य. तिथे टर्बोखाली छोटी टाकी आणि ऑइल ओढून परत चेंबरला पाठवणारा स्कॅव्हेंज पंप लागतो. तो गरम ऑइल चालणारा असावा, इंजिनबरोबरच सुरू व्हावा असं वायरिंग असावं आणि त्याच्या फ्यूजला डॅशबोर्डवर दिवा असावा. पंप बंद पडल्याचं कळण्याची दुसरी खूण म्हणजे आरशात दिसणारा धूर, आणि तोवर उशीर झालेला असतो.